न दिलेला कागद

संपादकांनी फोन केला तेव्हा त्यांना विजयाची कहाणी हवी होती. "तुमच्या पगारवाढीच्या लढ्यावर लिहा. मूठभर माणसांनी सरकारला नमवलं. दिवाळीत वाचकांना उभारी येईल." मी हो म्हणाले. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा घोषणांपर्यंत येऊन थांबले. घोषणांच्या पुढं जे घडलं ते गाळलं तर लेख खोटा होतो, आणि ते सांगितलं तर उभारी कुणाला येईल असं वाटत नाही. तरी सांगते.

मी सरकारी ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. कंत्राटी. रुग्णालय तासगाव भागात आहे, एवढं पुरे. चूक त्या इमारतीची नव्हती, म्हणून तिचं नाव इथं येत नाही.

आमच्या कामाबद्दल लोकांच्या कल्पना मजेशीर असतात. मला कुणी 'शेकवाली मॅडम' म्हणतं, कुणी 'करंटवाली'. एक आजोबा दर वेळी "मालिश किती वाजता हाय?" असं विचारत यायचे आणि मी त्यांनाच पाय उचलायला लावला की फसवल्यासारखं तोंड करायचे. खरं काम सांगते. मोडलेलं हाड डॉक्टर जोडतात. पण सहा आठवडे प्लास्टरमध्ये पडून राहिलेला सांधा गंजलेल्या बिजागरीसारखा होतो. ती बिजागरी रोज थोडी थोडी हलवून मोकळी करायची, हे आमचं काम. दुखतं. रुग्ण शिव्या देतात. आणि यात वेळ फार महत्त्वाचा. प्लास्टर काढल्यानंतरचे पहिले काही आठवडे हातचे गेले, तर पुढं वर्षभर घाम गाळूनही तेवढं मिळत नाही.

आता अडचण अशी की रुग्ण माझ्यासमोर असतो पंधरा-वीस मिनिटं. उरलेला सगळा दिवस तो घरी. आटपाडीकडच्या बाईला दोन एस.टी. बदलून यावं लागतं, ती रोज कशी येणार? म्हणून आमच्यात एक रीत आहे. पहिल्याच दिवशी रुग्णासोबत जो कुणी आला असेल, नवरा, सून, भाऊ, त्याला जवळ बसवायचं. व्यायाम करून दाखवायचा. मग त्याच्याकडून आपल्यासमोर करून घ्यायचा, चुकला की हात धरून दुरुस्त करायचा. आणि जाताना एक कागद द्यायचा. त्यावर काड्यांची माणसं काढलेली असतात, कुठला व्यायाम किती वेळा, दिवसातून कितीदा. आम्ही त्याला घरचा कागद म्हणतो. मी वापरते ती चित्रं साताऱ्याकडच्या जयश्रीताईंनी काढलेली. ताई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. त्यांच्या काड्यांच्या बायकांना अंबाडा असतो आणि पुरुषांना टोपी.

कागद नीट दिला की माणूस घरीच बरा होतो आणि आपल्याकडं यायचा थांबतो. आमच्याकडं एक निवृत्त सुभेदार होते. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. त्यांनी घरचा कागद भिंतीवर चिकटवला आणि स्वतःलाच हुकूम द्यायला लागले. मी दहा वेळा सांगितलेलं, ते शंभर करायचे. "काका, दहाच करा," म्हटलं तर म्हणाले, "म्याडम, दहा ही सिव्हिलियनची गिनती झाली." तीन महिन्यांत काठी टाकून चालायला लागले आणि नंतर फक्त एकदा आले, आंबे घेऊन. महिन्याच्या अहवालात सुभेदारांच्या नावापुढं मोजून सहा भेटी. त्यांच्या पायाचं श्रेय अहवालात कुठंच दिसत नाही. या गोष्टीला पुढं फार महत्त्व आलं.

थोडं माझ्याबद्दल. माझे वडील, दादा, कुंडलच्या एका छोट्या छापखान्यात जुळारी होते. लग्नपत्रिकांवर पोट चालायचं आणि जीव पत्रकांत असायचा. ऊसतोड, रेशन, जयंती, पाण्याचा मोर्चा, कुणाचंही पत्रक असो, दादा रात्री उरलेल्या प्रती घरी आणायचे. मी 'कमळ' वाचायच्या आधी 'बंधूंनो आणि भगिनींनो' वाचायला शिकले. दादांचा एक नियम होता. खाली नाव नसलेलं पत्रक ते छापत नसत. "ज्याच्या खाली नाव घालायला माणूस बिचकतो, ते त्यानं लिहूच नये," असं ते खिळे जुळवता जुळवता सांगायचे. मी हा नियम भाषणांत किती वेळा वापरला आहे! टाळ्या हमखास.

तर आमची मागणी. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस घरी, मग पुन्हा नवा करार. पगाराला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. शेजारच्या खोलीत तेच काम करणाऱ्या कायम माणसाला मिळतं त्याच्या निम्म्याहून कमी. आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या केंद्रावर जायचं ते स्वतःच्या पेट्रोलनं. ही मागणी खरी होती. आजही खरी आहे, आणि पुढं जे लिहिते आहे त्यानं ती खोटी होत नाही. कुणा साहेबाच्या हाती हा अंक पडला तर त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांतले आम्ही कंत्राटी फिजिओ एका टेम्पोत मावू एवढेच. तरी संघटना काढली. निवेदनं मी लिहायची. वाटाघाटीच्या पहिल्या बैठकीत साहेबांनी, म्हणजे वरून आलेल्या अधिकाऱ्यांनी, आमचे मासिक अहवाल समोर ठेवले आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "रुग्णांच्या भेटी तर फार कमी दिसतात. बाकीचा व्यायाम कोण करून घेतं?"

"घरचे लोक," जयश्रीताई भाबडेपणानं म्हणाल्या. "आम्ही शिकवतो त्यांना."

"वा! मग शिकवून झालं की तुमचं काय काम उरतं?"

त्यांचे दोन कारकून हसले. ताई खाली बघायला लागल्या. वीस वर्षं लोकांचे हातपाय सोडवलेली बाई अपराध्यासारखी खाली बघते आहे, हे मला सहन झालं नाही. माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती पुढचा महिनाभर उतरली नाही.

त्या रविवारी कराडच्या स्टँडजवळ एका उपाहारगृहाच्या माडीवर आम्ही जमलो. संपाचा ठराव झाला. आणि मी उभी राहून म्हणाले, "आणखी एक. आजपासून घरचा कागद बंद. कुणाला काही शिकवायचं नाही, काही लिहून द्यायचं नाही. लोक रांगा लावून दारात येऊ देत. आपण नसलो की काय होतं ते दिसू दे."

जयश्रीताईंनी चहाचा कप बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "अगं प्रज्ञा, संप कर. मला उन्हात बसव, उपाशी बसव. पण कागद थांबवू नको. तो आपला नाही, त्यांचा आहे."

"ताई, तुमच्या ह्या चांगुलपणावरच सरकार फुकटात चालतंय," मी म्हणाले. "आपण आपलीच गरज दर आठवड्याला कागदावर लिहून वाटतोय. कुठल्या कामगारानं असा वेडेपणा केलाय?"

टाळ्या पडल्या. माडीवरच्या पोऱ्यानंसुद्धा वाजवल्या. ताईंनी हात वर केला नाही, विरोधातही नाही आणि बाजूनंही नाही.

संपाची नोटीस मी लिहिली, तिच्याखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या, पहिली माझी. कागद बंद करायचा ठराव मात्र मी लिहिला नाही. "हे तोंडीच राहू दे," असं मीच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी एक मजकूर असा केला ज्याच्या खाली नाव नव्हतं, आणि त्या वेळी ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

संपाला आठवडा राहिला असताना छबुताई आल्या. पन्नाशीच्या, काटक, बोलायला फटकळ. द्राक्षबागेत काम करणाऱ्या दहा-अकरा बायकांच्या टोळीच्या मुकादम. गणपतीच्या आधी बागेत घोडीवरून, म्हणजे वेलींपर्यंत हात पोचायला वापरतात त्या शिडीवरून, पडल्या, उजव्या मनगटाजवळचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं होतं. सोबत सून होती. छबुताईंनी पिशवीतून फडक्यात बांधलेली कात्री काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"ही धरता आली पायजे," त्या म्हणाल्या. "बाकी मला हाताचं काय न्हाई. जेवन डाव्या हातानं बी करीन."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. ऑक्टोबरात वेलींची छाटणी होते आणि साधारण दीड महिन्यानं विरळणी लागते. घडातले जादा मणी एकेक करून कात्रीनं काढायचे, उरलेल्या मण्यांना धक्का लागू द्यायचा नाही. ज्या बाईच्या हाताला हे येतं तिला बागायतदार घरी गाडी पाठवून नेतो. छबुताईंचा तोच मान होता. त्यांच्या कात्रीला टोळीत दुसरं कुणी हात लावत नसे.

"विरळणीला अजून सव्वा महिना हाय," त्या म्हणाल्या. "तवर हुईल का?"

मी हात तपासला. हाड छान जुळलं होतं. बोटं ताठ होती, सूज होती, पण सोडवली तर सुटणारी होती. "होईल," मी म्हणाले. ते खरं होतं.

त्या आठवड्यात त्या तीनदा आल्या. तिसऱ्या दिवशी अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकली. छबुताईंनी डाव्या हातानं माझ्या गालावरून हात फिरवला. "पोरी, तुझ्या हाताला गुन हाय गं." तेव्हापासून मी त्यांची 'पोरी'च झाले. मॅडम हा शब्द त्यांनी टाकूनच दिला.

संपाच्या आदल्या दिवशी सून मला म्हणाली, "म्याडम, घरी काय करायचं ते दावा की. मी घेतो करून त्यांच्याकडनं."

कागद टेबलाच्या खणात होता. अंबाड्याच्या काड्यांची बाई, चेंडू दाबणारी, टेबलावर पंजा पसरणारी, मूठ वळणारी. खण उघडायला एक हात लागला असता.

"काही करू नका," मी म्हणाले. "हात सांभाळून ठेवा. आम्ही आलो की बघू."

मला वाटलं होतं, चार दिवसांत साहेब नमतील. मला वाटलं होतं, छबुताई रुग्णालयात येऊन आरडाओरडा करतील, दुसऱ्या डॉक्टरांना धारेवर धरतील, आणि तेच तर मला हवं होतं. त्या माझं अक्षर न् अक्षर पाळतील, हे माझ्या हिशोबात नव्हतं. घरात लेकीनं सांगावं तसं मी सांगितलं होतं, आणि त्यांनी तसंच ऐकलं.

संप साडेतीन आठवडे चालला. रोज सांगलीला मंडपात बसायचं. मी रोज एक पत्रक लिहिलं. चांगली होती पत्रकं. एकात मी लिहिलं होतं, 'आमचे हात बांधले तर जनतेचे हात बांधले जातील.' हे वाक्य मला इतकं आवडलं की दादांना फोन करून वाचून दाखवलं. दादा म्हणाले, "चांगलंय. कुणाचा हात?" मी म्हणाले, "दादा, हे अलंकारिक आहे."

शेवटच्या बैठकीच्या आधी निरोप आला की साहेब ठोस उदाहरण मागताहेत. तुमच्यावाचून कुणाचं काय अडलं ते दाखवा. मला लगेच छबुताई आठवल्या. त्यांच्या मुलाला फोन केला आणि जीप पाठवली. हेही मीच केलं.

त्या ठेवणीतलं पातळ नेसून आल्या. हात गळ्यात बांधलेल्या पट्ट्यात, पट्टा सोबतच्या सुनेनं नीटस बांधलेला. "तुज्या पगाराचं काम हाय म्हनं," त्या जीपमधून उतरताना म्हणाल्या. "मग यायाच पायजे."

मंडपातच मी पट्टा सोडला. बोटं सुजून चकचकीत झालेली, कातडी ताणलेली, एकही पेर वळेना. मी नुसतं बोट टेकवलं तरी त्या कळवळल्या. मला त्याच क्षणी कळलं की सव्वा महिन्याचा प्रश्न आता संपला. त्या क्षणी मी त्यांना परत घरी पाठवू शकले असते. शेजारी जयश्रीताई उभ्या होत्या. त्यांनी हात बघितला, मग माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "चला, साहेब थांबलेत."

साहेबांच्या खोलीत छबुताई खुर्चीच्या कडेवर बसल्या. साहेब बरेच नरमलेले होते. "मूठ वळते का बाई?"

छबुताईंनी प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. बोटं जागची हलली नाहीत.

"घरी काही केलं नाही का तुम्ही?"

"न्हाई बा!" छबुताई ताठ होऊन बसल्या. "ह्या पोरीनं सांगितलंय कायबी करू नका म्हनून. तवापास्नं एक बोट हलू दिलं न्हाई. सून तेल लावतो म्हटली, तिला हाकलली. शेजारीन म्हटली जरा हलवत जा, तिला म्हटलं, तू काय डाक्टरीण लागून गेलीस व्हय?"

मला वाटलं, संपलं. साहेबांना कळलं. आता ते विचारतील की काही करू नका असं का सांगितलं.

साहेब मागं रेलले आणि आमच्याकडं बघून म्हणाले, "बघा, केवढा विश्वास आहे लोकांचा तुमच्यावर." आणि शेरा लिहायला घेतला की ही सेवा अत्यावश्यक आहे.

खरं काय ते तोंडाशी आलं होतं. आमच्या टेम्पोभर माणसांच्या घरचे चेहरे डोळ्यांपुढं आणले आणि गिळलं. आता वाटतं, ते चेहरे मी मुद्दाम आणले होते.

वाढ मंजूर झाली. मागितली होती तेवढी नाही, पण पेट्रोलसकट बरी झाली. बाहेर गुलाल उधळला. मला खांद्यावर घेतलं. वरून मला छबुताई दिसल्या. त्या टाळ्या वाजवत होत्या. डाव्या पंज्यानं उजव्या हाताच्या कोपरावर वाजवत होत्या, कारण उजव्या पंज्याला लागलं की कळ उठत होती.

जयश्रीताई त्या दिवशी गुलाल न लावता साताऱ्याची गाडी पकडून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "तिची सून चांगली होती गं. तिच्या हाताला वळण होतं."

दुसऱ्या दिवसापासून मी छबुताईंचा हात घेतला. सुट्टीच्या दिवशीही त्यांच्या गावी गेले, सुनेला शिकवलं. विरळणी आली आणि गेली. टोळी दुसरी बाई घेऊन जायला लागली. छबुताई बांधावर बसून बायकांची तान्ही पोरं सांभाळायच्या, पाणी द्यायच्या, निम्म्या मजुरीवर. त्यांच्या तोंडून मला कधी तक्रार ऐकू आली नाही. उलट गावात सांगायच्या, "ह्या पोरीचा पगार माज्या हातानं वाढला." हे त्या हसत सांगायच्या आणि मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

मी दादांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी विचारलं, "तो ठराव लिहिला होतास का?" मी नाही म्हणाले. दादांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "तो घरचा कागद आण. छापून देतो." जयश्रीताईंची काड्यांची माणसं त्यांनी जुन्या छापखान्यात ब्लॉक करून छापली, गठ्ठाभर. खाली माझं नाव, पद, रुग्णालय. मला न विचारता घातलं.

या एप्रिलमध्ये, वेलींच्या उन्हाळी, म्हणजे खरड छाटणीच्या दिवसांत, छबुताई तपासायला आल्या. आता बोटं अर्धी वळतात. पेला धरता येतो, कात्री येत नाही. कात्री सुनेला दिली आहे, त्या सहज म्हणाल्या. मग मला राहवलं नाही. चेंडू दाबता दाबता त्या ऐकत होत्या. मी कराडची माडी सांगितली, ठराव सांगितला, खण सांगितला.

चेंडू दाबायचा थांबला.

"म्हंजे तवा कागद व्हता?"

"होता."

"हितंच?"

"ह्या खणात."

त्यांनी खणाकडं बघितलं. "आन् मी तिकडं सुनंला हाकलत बसले."

माफी मागायची तर आधी त्यांनी ती द्यावी अशी अपेक्षा करावी लागते, आणि माझी तेवढी हिंमत नव्हती.

"पगार वाढला न्हवं?" त्यांनी विचारलं.

"वाढला."

त्या 'बरं' म्हणाल्या की नुसता सुस्कारा सोडला, मला नीट कळलं नाही. मग त्यांनी डावा हात पुढं केला. "द्या बगू त्यो."

मी खण उघडून कागद दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून बघितला, अंबाडेवाल्या बाईवर बोट ठेवलं. "एक न्हाई, अकरा द्या. टोळीत तेवढ्या जणी हायत. बाया घोडीवरनं पडत्यातच. तुमी कवा बसताल आन् कवा उठताल, कुनाला ठावं?"

मी अकरा मोजून दिले.

"ही खाली बारीक काय लिवलंय?"

"माझं नाव."

छबुताईंनी त्या ओळीकडं जरा वेळ बघितलं. त्यांना वाचता येत नाही.

"असू द्या मंग," त्या म्हणाल्या. "कुनाचं वाकडं झालं तर दावता यील."

कागद उजव्या हातात धरायला गेल्या, बोटं पुरेशी मिटली नाहीत आणि दोन कागद खाली घसरले. मी उचलायला वाकले.

"ऱ्हाऊ द्या म्याडम," त्या म्हणाल्या, आणि स्वतः खाली बसून डाव्या हातानं एकेक उचलला.